‘डायरेक्ट’ या नोंदीमागचे वाचक

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या संकेतस्थळावरील एका जुन्या लेखाला अचानक वाचक मिळू लागले. एरवी दिवसभरात जेवढ्या भेटी होत, तेवढ्या तासाभरात होत होत्या. रात्री मी ॲनालिटिक्सचा, म्हणजे संकेतस्थळावरील भेटी मोजणाऱ्या साधनाचा, रिपोर्ट उघडला, तेव्हा त्यांपैकी बहुतेक भेटींसमोर ‘डायरेक्ट’ हा एकच शब्द होता. एवढ्या लोकांनी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप केला किंवा तो बुकमार्क करून ठेवला होता, असा त्याचा अर्थ मी लावला आणि त्या रात्री मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्या लेखाचा पत्ता नीट पाहिला, तेव्हा तो इतका लांबलचक आणि आडव्या रेघांनी जोडलेल्या शब्दांचा होता, की कुणी तो लक्षात ठेवून टाइप करील हे शक्यच नव्हते. लेख कुणीतरी कुठेतरी पाठवला होता, तिथून तो हातोहात पुढे गेला होता आणि ते ‘कुठे’ रिपोर्टला कळलेले नव्हते.

समाजमाध्यमांवरून येणाऱ्या वाचकांची मोजदाद मी गांभीर्याने करू लागलो, ती तेव्हापासून. हा विषय विपणनवाल्यांचा आहे असे समजून लिहिणारे बरेच लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात. मला ते पटत नाही. आपण जे लिहितो ते कुणापर्यंत आणि कोणत्या वाटेने पोहोचते, हे जाणून घेणे हा लेखनाचाच भाग आहे, असे मी मानतो.

वाचक कुठून आला हे संकेतस्थळाला कळते, ते ब्राउझरने सांगितले तरच. एका पानावरील लिंकवर क्लिक केले, की ब्राउझर नव्या पानाची मागणी करताना आधीच्या पानाचा पत्ताही सोबत पाठवतो. या माहितीला रेफरर म्हणतात. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील संवादाचे नियम म्हणजे एचटीटीपी; त्याच्या 1996 सालच्या नियमावलीत या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील एक ‘आर’ गळाला आणि ते चुकीचे स्पेलिंग आजही जगातील प्रत्येक ब्राउझर इमानेइतबारे पाठवत असतो. मात्र रेफरर पाठवायला आधीचे ‘पान’ असावे लागते. व्हॉट्सॲपच्या गटातील लिंक फोनवर उघडली, तर आधी कोणतेही वेब पान नसते, असते ते एक ॲप. ईमेलच्या ॲपमधून, पीडीएफमधून, एसएमएसमधून किंवा क्यूआर कोडवरून आलेल्या वाचकाचेही तेच. त्याच्यापाशी सांगण्यासारखा मागचा पत्ता नसतो आणि ॲनालिटिक्सची प्रणाली अशा प्रत्येक निनावी भेटीला ‘डायरेक्ट’च्या रकान्यात टाकते. म्हणजे ‘डायरेक्ट’चा खरा अर्थ ‘थेट आलेला’ असा नसून ‘स्रोत कळला नाही’ असा आहे. अलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने 2012 मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये लिहिताना या न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले.

रेफरर येतो तेव्हाही तो पूर्ण असतोच असे नाही. क्रोमने ऑगस्ट 2020 पासून आणि फायरफॉक्सने मार्च 2021 पासून असे मूळ धोरण स्वीकारले, की एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाताना पूर्ण पत्ता न देता केवळ डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाचे मुख्य, नाव द्यायचे. वाचकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परिणामी वाचक फेसबुकवरून आला एवढे कळते, पण कोणत्या पोस्टवरून, कोणत्या गटातून किंवा कुणाच्या भिंतीवरून आला हे कळत नाही. शिवाय एकच माध्यम रिपोर्टमध्ये तीन-चार नावांनी दिसते. फेसबुक बाहेरच्या लिंका आपल्या मधल्या पत्त्यावरून वळवते, त्यामुळे कुठे नुसते फेसबुकचे डोमेन, कुठे त्याच्याआधी ‘एल’, कुठे ‘एलएम’, तर कुठे ‘एम’ लावलेले दिसते. एक्सवरून (पूर्वीच्या ट्विटरवरून) आलेला वाचक ‘टी.को’ या आखूड पत्त्याच्या नावाखाली नोंदला जातो. या सगळ्या ओळींची बेरीज केल्याखेरीज त्या माध्यमाचा खरा आकडा हाती लागत नाही.

यावरचा उपाय जुना आहे आणि साधा आहे. ब्राउझरवर विसंबून न राहता लिंकनेच आपले नाव-गाव सोबत न्यावे. अर्चिन नावाच्या कंपनीचे एक ॲनालिटिक्सचे सॉफ्टवेअर होते. गूगलने 2005 मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गूगल ॲनालिटिक्स सुरू केले. लिंकला जोडायच्या या खुणांना यूटीएम म्हणतात, ती ‘अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल’ या नावाची आद्याक्षरे. लेखाच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन त्यापुढे सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन अशी तीन मूल्ये जोडायची. वाचक फेसबुकसारख्या कोणत्या ठिकाणाहून आला हे सोर्स सांगतो, ती वाट (समाजमाध्यम, ईमेल अशी) कोणत्या प्रकारची हे मीडियम सांगतो आणि ती लिंक कोणत्या निमित्ताने दिली होती हे कॅम्पेन सांगते. एकाच माध्यमावर एकाच लेखाच्या दोन वेगळ्या पोस्ट टाकल्या असतील, तर त्यांतील फरक दाखवायला कंटेंट नावाचे चौथे मूल्य असते आणि मला ते सर्वांत उपयोगी वाटते. पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल, तर दुसरे प्रश्नचिन्ह न देता ‘अँड’चे चिन्ह (&) द्यायचे आणि पत्त्यात हॅशचे चिन्ह असेल, तर हे शेपूट त्याच्या आधी जोडायचे, एवढी दोन पथ्ये पाळली तरी बहुतेक लिंका नीट चालतात.

खरी अडचण येते ती नावे ठेवताना. ॲनालिटिक्सला ‘फेसबुक’ या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. त्याच्या लेखी ती केवळ अक्षरांची माळ असते. पहिले अक्षर मोठे लिहिले तर एक स्रोत, लहान लिहिले तर दुसरा आणि ‘एफबी’ असे आखूड लिहिले तर तिसरा. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या रिपोर्टमध्ये एकाच माध्यमाच्या पाच ओळी तयार झाल्या होत्या, कारण प्रत्येक वेळी मी लिंक घाईत, आठवेल तशी तयार करत होतो. मीडियमच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते. गूगल ॲनालिटिक्स 4 भेटींची वर्गवारी करताना मीडियममध्ये ‘सोशल’, ‘सोशल-मीडिया’ किंवा ‘एसएम’ यांसारखे ठरावीक शब्द ओळखते. तिथे आपण मनाने ‘पोस्ट’ किंवा ‘शेअर’ असे काही लिहिले आणि सोर्सही तिच्या ओळखीचा नसला, तर ती भेट समाजमाध्यमांच्या गटात न जाता ‘अनअसाइन्ड’ (वर्ग न ठरलेल्या) या गटात जाऊन पडते. शेवटी मी एक साधी तक्त्याची फाइल केली. तिच्यात माध्यमांची नावे एकदाच आणि कायमची लिहून ठेवली. सगळी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन. नवी लिंक करायची असेल तेव्हा आधी ती फाइल उघडायची, हा नियम मी आजतागायत मोडलेला नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. कॅम्पेनचे नाव देवनागरीत लिहिण्याचा मोह होतो, कारण रिपोर्टमध्ये ते वाचायला सोपे जाईल असे वाटते. परंतु वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर जसेच्या तसे जात नाही. प्रत्येक अक्षराचे, प्रत्येक काना-मात्रेचे स्वतंत्रपणे टक्केचिन्ह आणि आकडे-अक्षरे यांत रूपांतर होते, आणि एका चिन्हाच्या जागी नऊ चिन्हे येतात. ‘दिवाळी’ एवढा लहानसा शब्द सहा चिन्हांचा आहे, म्हणजे पत्त्यात त्याची चोपन्न चिन्हे होतात. अशी लिंक संदेशात पाठवली, की ती स्क्रीनभर पसरते आणि समोरचा माणूस ती उघडायला बिचकतो. त्याचे बिचकणे रास्तच आहे, कारण फसवणुकीच्या लिंकाही अशाच दिसतात. म्हणून लिंकमधील मूल्ये रोमन लिपीत आणि आखूड ठेवावीत आणि त्यांचा मराठी अर्थ आपल्या तक्त्यात लिहावा.

एवढे सगळे केल्यावर माझ्या रिपोर्टमधील ओळी स्वच्छ दिसू लागल्या आणि वर्षभर मी त्यांवर पूर्ण विश्वास ठेवला. मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. फेसबुकवर मी एका लेखाची लिंक एकदाच, एका पोस्टमध्ये दिली होती. ती पोस्ट पुढे मी काढूनही टाकली होती. तरीही आठ महिन्यांनी त्याच पोस्टच्या नावावर भेटी येत होत्या, आणि एका आठवड्यात तर त्या चांगल्याच वाढल्या. पुष्कळ शोधल्यावर कारण सापडले आणि ते अगदी सरळ होते. पहिल्या दिवशी फेसबुकवरून आलेल्या कुणा वाचकाने लेख आवडल्यावर ब्राउझरच्या पट्टीतील पत्ता कॉपी केला होता. त्या पत्त्याला मी जोडलेले शेपूट तसेच होते. तो पत्ता त्याने दुसऱ्या गटात पाठवला, तिथून तो आणखी कुठे गेला, आणि प्रत्येक टप्प्यावर माझी लिंक ‘मी फेसबुकवरून आले’ असेच सांगत राहिली. आठ महिन्यांनंतरच्या त्या वाचकांपैकी कदाचित एकानेही फेसबुक उघडलेले नव्हते.

या प्रकाराने मी अस्वस्थ झालो, कारण तोपर्यंत माझी अशी समजूत होती, की नाव नसलेल्या भेटी ही अडचण आहे आणि नाव असलेल्या भेटी हे तिचे उत्तर आहे. प्रत्यक्षात ‘डायरेक्ट’ ही नोंद प्रामाणिक असते. मला माहीत नाही, एवढेच ती सांगते. चुकीच्या नावाची भेट मात्र खात्रीच्या सुरात खोटे सांगते आणि तिच्या आधारे आपण निर्णय घेतो. मीही घेतले होते. त्या आकड्यांकडे पाहून मी त्या माध्यमासाठी अधिक वेळ देत होतो आणि वाचक जिथे लेख खरोखर एकमेकांना देत होते, त्या जागेकडे माझे लक्षच नव्हते.

तेव्हा मी दोन बदल केले. पहिला बदल म्हणजे, पान उघडून ॲनालिटिक्सने नोंद घेतली, की ब्राउझरच्या पट्टीतील पत्त्याचे शेपूट काढून टाकणारी चार ओळींची जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा कोड) मी प्रत्येक पानावर घातली. ब्राउझरच्या हिस्टरीमधील चालू नोंद बदलण्याची सोय वापरून हे करता येते आणि पान पुन्हा लोड होत नाही. आता वाचक पट्टीतून जो पत्ता कॉपी करतो तो कोरा असतो. त्या लिंकवरून पुढे आलेला वाचक ‘डायरेक्ट’मध्ये नोंदला जातो आणि ते मला चालते. दुसरा बदल असा, की लेखाच्या शेवटी मी शेअर करण्याचे बटण दिले आणि त्या बटणातून जाणाऱ्या लिंकला वेगळे नाव दिले, त्यामुळे मी स्वतः दिलेल्या लिंका आणि वाचकांनी पुढे पाठवलेल्या लिंका रिपोर्टमध्ये वेगळ्या दिसू लागल्या. आणखी एक चूक पुष्कळ जण करतात, ती म्हणजे स्वतःच्याच संकेतस्थळावरील एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या लिंकांना यूटीएम जोडणे. ती कधीही करू नये, कारण त्यामुळे वाचक मुळात कुठून आला हे बाजूला पडते आणि श्रेय त्या आतल्या लिंककडे जाते.

फेसबुक 2018 पासून बाहेर जाणाऱ्या लिंकांना स्वतःचे एक ओळखचिन्ह जोडते. ते यूटीएमपेक्षा निराळे असते आणि त्याचा हेतू क्लिक ओळखणे हा असतो. ॲपलने 2023 च्या आयओएस 17 पासून मेलमध्ये, मेसेजेसमध्ये आणि सफारीच्या खासगी खिडकीत अशी व्यक्तिगत ओळखचिन्हे लिंकमधून काढून टाकायला सुरुवात केली, मात्र यूटीएमची साधी मूल्ये तशीच राहू दिली. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. वाट ओळखणे वेगळे आणि वाटेवरचा माणूस ओळखणे वेगळे. ज्याला लिंक पाठवली त्याचे नाव, ईमेल किंवा फोन क्रमांक मूल्यांमध्ये घालण्याची युक्ती मी काही ठिकाणी पाहिली आहे. ती गूगल ॲनालिटिक्सच्या नियमांत बसत नाही, आणि नियम नसता तरी ती वाचकाच्या विश्वासाला धक्का देणारीच ठरली असती.

समाजमाध्यम दाखवते ते क्लिक आणि आपल्या संकेतस्थळावरील भेटी यांचा मेळ कधीच बसत नाही, याचाही त्रास करून घेऊ नये. माध्यम बोटाचा स्पर्श मोजते. आपले ॲनालिटिक्स पान लोड होऊन त्यातील जावास्क्रिप्ट चालल्यावरच मोजायला लागते. मधल्या काळात कंटाळून परत गेलेला वाचक पहिल्या आकड्यात असतो, दुसऱ्यात नसतो. अर्ध्या तासाच्या आत तीच व्यक्ती पुन्हा आली, तर क्लिक दोन होतात, पण भेट एकच धरली जाते. जाहिराती रोखणारे ब्राउझरचे विस्तार (एक्स्टेन्शन) वापरणारे आणि कुकींना, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या ओळखनोंदींना, संमती न देणारे वाचक तर मोजणीतून गळूनही जाऊ शकतात. दुसरीकडे, फेसबुकच्या किंवा इन्स्टाग्रामच्या ॲपमधील अंतर्गत ब्राउझरच्या कुकी फोनच्या मुख्य ब्राउझरपेक्षा वेगळ्या असतात, त्यामुळे सकाळी ॲपमधून आणि संध्याकाळी क्रोममधून आलेला एकच माणूस दोन माणसे म्हणून मोजला जातो. आखूड लिंकांच्या सेवा दाखवतात त्या आकड्यांत यंत्रांचीही भर असते, कारण पोस्टमध्ये लिंक टाकताच तिचे चित्र आणि शीर्षक आणण्यासाठी त्या माध्यमाचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) आधी तिथे येऊन जातो. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाच्या नोंदवहीत, हे बॉट नावानिशी दिसतात. जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये ते सहसा दिसत नाहीत. म्हणून मी एका आकड्याची दुसऱ्या साधनातील आकड्याशी तुलना करत नाही. एकाच साधनातील या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करतो.

आकड्यांपेक्षा मला अधिक शिकवले ते वाचनाच्या खुणांनी. गूगल ॲनालिटिक्स 4 मध्ये दहा सेकंदांहून अधिक चाललेल्या, दोन किंवा अधिक पाने पाहिलेल्या किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली कृती घडलेल्या भेटीला ‘एंगेज्ड’ (लक्ष गुंतलेली) मानतात, आणि वाचक पानाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत खाली उतरला, तर त्याची स्वतंत्र नोंद होते. वाटेनुसार या खुणा वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा माझे अंदाज उलटेपालटे झाले. ज्या माध्यमावरून सर्वाधिक भेटी येत होत्या, तिथून आलेल्यांपैकी थोडेच लोक लेखाच्या शेवटापर्यंत जात होते. शेअरच्या बटणावरून आलेल्या भेटी मोजक्या होत्या, पण त्यांतील बहुतेक लोक तळापर्यंत उतरत होते. ओळखीच्या माणसाने ‘हे वाच’ म्हणून दिलेली गोष्ट आपण वेगळ्या मनाने उघडतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असतेच. मला ते रिपोर्टमध्ये ओळीने मांडलेले दिसले. त्यानंतर मी पोस्टसाठी लक्षवेधी वाक्ये शोधणे कमी केले आणि लेखाचा शेवट अधिक काळजीने लिहू लागलो, कारण शेअरचे बटण तिथे आहे.

उरलेल्या ‘डायरेक्ट’ भेटींसाठी मी आता एकच कसोटी लावतो. त्या कोणत्या पानावर उतरल्या, हे पाहतो. मुखपृष्ठावर उतरलेली भेट खरोखर थेट असू शकते, कारण मुखपृष्ठाचा पत्ता लहान आहे आणि तो लक्षात राहतो. आतल्या एखाद्या लेखावर, फोनवरून, नव्या वाचकाने दिलेली आणि एक-दोन तासांत दाटीने आलेली ‘डायरेक्ट’ भेट मात्र जवळजवळ निश्चितपणे कुणीतरी पाठवलेल्या लिंकची असते. त्या पहिल्या संध्याकाळचा रिपोर्ट मी पुढे याच कसोटीने पुन्हा पाहिला. मुखपृष्ठावरील ‘डायरेक्ट’ भेटी रोजच्याएवढ्याच होत्या. बाकी सगळ्या त्या एका लेखावर, फोनवरून, साधारण साडेआठच्या सुमारास सुरू झालेल्या होत्या.

नवी लिंक प्रसिद्ध करण्याआधी मी ती स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवतो, फोनवर उघडतो आणि रिपोर्टच्या, त्याच क्षणीच्या भेटी दाखवणाऱ्या, रिअलटाइम भागात माझी भेट योग्य नावाने दिसते का ते पाहतो. कधी एखादी आखूड लिंक पुढे वळवताना शेपूट गाळते, तर कधी शेपूट तोडणारा दोष माझ्याच सर्व्हरच्या नियमांत निघतो. वाचक येऊन गेल्यावर ही दुरुस्ती करता येत नाही, कारण गेलेल्या भेटींची नावे मागाहून बदलत नाहीत.

अलीकडे मी लेखांच्या शेवटी एक छोटा ऐच्छिक प्रश्न ठेवला आहे: हा लेख तुम्हाला कुठे मिळाला? नाव विचारत नाही, ईमेल विचारत नाही, उत्तरासाठी एक रिकामी चौकट तेवढी दिली आहे. फार थोडे लोक ती भरतात. मागच्या आठवड्यातील तीन उत्तरे मी तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात उतरवून घेतली आहेत. एकाने ‘शाळेच्या जुन्या मित्रांच्या गटात’ असे लिहिले आहे, दुसऱ्याने ‘कार्यालयात कुणीतरी छापील प्रत ठेवली होती, तिच्यावरचा पत्ता बघून’ असे लिहिले आहे आणि तिसऱ्या उत्तरात ‘मावशीने पाठवला’ एवढेच आहे. रिपोर्टमध्ये या तिन्ही भेटी ‘डायरेक्ट’ आहेत.